दीड फुटी टाकीला हीटर कुठला घ्यावा? आधी तो बिघडला तर काय होईल ते पाहा

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: घर जुळे सोलापुरात, दीड फुटी काचेची टाकी, त्यात आठ गप्पी आणि सहा निऑन टेट्रा मासे. डिसेंबरात थंडी वाढली तसे निऑनच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले आणि दोन निऑन गेले. दुकानदार म्हणतो १०० वॉटचा हीटर न्या, शेजारी म्हणतात सोलापुरात हीटर लागतच नाही, आणि सातवीतली मुलगी रोज विचारते की उरलेले मासे वाचतील का. म्हणून तुम्हाला भरवशाच्या हीटरचं, जमलं तर कंपनीचंच, नाव हवंय.

गेली २२ वर्षं मी सोलापुरात घरोघरी, दवाखान्यांत, दुकानांत टाक्या बसवतो आणि सांभाळतो. कंपनीचं नाव मला दोन ओळींत सांगता येईल, पण तेवढ्याने तुमच्या मुलीचे मासे वाचतील याची खात्री मी देऊ शकत नाही. हीटर ही चार-दोन वर्षांत कधीतरी बिघडणारी वस्तू आहे, महाग असो की स्वस्त. म्हणून मी हीटर निवडताना एकच प्रश्न विचारतो: हा बिघडेल त्या रात्री मासे सकाळपर्यंत जगतील का?

बिघडण्याचे प्रकार दोन. एक, हीटर तापणंच बंद होतं. पाणी हळूहळू थंड होतं, मासे सुस्त होतात, पण तुमच्या हातात एक-दोन दिवस असतात. दुसरा प्रकार वाईट. साध्या हीटरच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते; ती तापली की वाकते आणि सर्किट तोडते, निवली की परत जोडते. प्रत्येक वेळी तिथे बारीक ठिणगी पडते. हजारो वेळा असं झालं की टोकं जळतात आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. मग डायल कितीवरही असो, हीटर बंद होत नाही. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल हीटरमध्ये जोडपट्टी नसते, पण त्याचा विजेचा पुर्जाही जळून ‘चालू’ स्थितीतच अडकू शकतो.

हे माझ्या घरी घडलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझीही दीड फुटी टाकी होती आणि तिच्यात १०० वॉटचा हीटर होता, कारण मोठा घेतला म्हणजे कामाला कमी पडणार नाही असं मला वाटे. गड्ड्याचे, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस होते. आम्ही सगळे होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलो आणि तिथून बहिणीकडे मुक्काम केला. सकाळी दार उघडलं तर टाकीच्या काचेवर वाफ धरलेली. हात घातला तर आंघोळीचं पाणी असावं तसं. अकरा मासे होते, एकही राहिला नाही. माझा मोठा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. त्या दिवसापासून वॉटचा हिशेब मांडल्याशिवाय मी कुणाच्या टाकीत हीटर सोडलेला नाही. तोच हिशेब तुमच्यासाठी मांडतो.

दीड फुटी टाकी बाजारात बहुतेक ४५ × २५ × ३० सेंटिमीटरची मिळते. पाणी २६ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलं तर २९ लिटर होतं. खडी आणि दगड वजा जाता २६ लिटर धरू. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे पाण्यातून काहीच उष्णता बाहेर गेली नाही असं समजलं, तर १०० वॉटचा हीटर हे पाणी तासाला ३.३ अंशांनी तापवेल, ५० वॉटचा १.६ अंशांनी, २५ वॉटचा जेमतेम ०.८ अंशांनी.

प्रत्यक्षात उष्णता काचेतून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून जातच राहते. झाकण असलेल्या एवढ्या टाकीचं पाणी खोलीपेक्षा एक अंश गरम ठेवायला सतत ३ ते ४ वॉट लागतात, हे मी माझ्या टाक्यांवर अनेक हिवाळे पाहिलं आहे. आता समजा खोली रात्रभर १९ अंशांवर आहे, पाणी २५ वर आहे आणि रात्री अकराला हीटर चिकटला. १०० वॉटचा असेल तर पहाटे चारच्या सुमारास पाणी ३५ होईल आणि सहाला ३७-३८. निऑन त्याआधीच गेलेले असतील. ५० वॉटचा असेल तर सकाळी सहाला पाणी ३० च्या आसपास असेल. मासे वर येऊन धापा टाकतील, पण जिवंत असतील आणि तुम्ही पिन काढाल. २५ वॉटचा असेल तर पाणी २६ च्या फार पुढे जाणारच नाही, कारण तेवढ्यावर त्याची ताकद संपते.

म्हणून तुमच्या टाकीला १०० वॉट नको. दुकानदाराचा हेतू वाईट नसेल. लिटरला एक वॉट हा ठोकताळा त्यालाही माहीत असतो, पण लहान हीटर दुकानात पडून राहतात आणि मोठे खपतात.

मग २५ की ५०? इथे मात्र तुमचं घर पाहिल्याशिवाय नेमकं बोलता येत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १५ च्या आसपास येतो, थंडीची लाट आली की १० ते १२ पर्यंत उतरतो, आणि दुपारी पुन्हा ३० च्या जवळ जातो. पण हा झाला बाहेरचा पारा. तळमजल्यावरच्या, मधल्या भिंतीला लागून ठेवलेल्या टाकीजवळ पहाटेही १९-२० अंश असतात. त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली आणि उत्तरेच्या खिडकीशी ठेवलेल्या टाकीजवळ १६ असतात. पत्र्याच्या घरात त्याहूनही कमी. खोली १९ च्या खाली जात नसेल तर झाकणासह २५ वॉट पुरतो. त्याखाली जात असेल तर ५० वॉट घ्या.

व्होल्टेजचाही विचार करा. तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर हीटरची ताकद दुप्पट वेगाने पडते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) चालते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर ५० वॉटचा हीटर ३० वॉटचंच काम करतो आणि २५ वॉटचा १५ वॉटचं. अशा घरी मी ५० वॉटच देतो.

शेजाऱ्यांचं म्हणणंही पूर्ण चूक नाही. गोल्डफिश असते तर मी हीटर घेऊच नका म्हटलं असतं. तो थंड पाण्याचा मासा आहे. नुसते गप्पी असते तरी झाकण आणि योग्य जागा एवढ्यावर बहुतेक घरांत निभावलं असतं. निऑन मूळचे ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. २२-२३ अंशही त्यांना चालतात, पण दुपारी २६ आणि पहाटे १८ असा रोजचा झोका त्यांना सोसत नाही. लहान टाकी खोलीबरोबर लगेच तापते आणि लगेच निवते. २०० लिटरची टाकी इतकी भरकन हलत नाही. सोलापुरात हीटरचं काम पहाटेचा हा उतार थांबवणं एवढंच आहे. म्हणून पारा २८ वर नेऊ नका, २४-२५ वर धरा. गप्पी आणि निऑन दोघांनाही ते मानवतं.

झाकणाचा उल्लेख मी तीनदा केला, कारण आपल्या हवेत त्याला फार महत्त्व आहे. सोलापूरची थंडी कोरडी असते. उघड्या टाकीतून पाणी सतत उडत राहतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. रांजणातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने उघडी टाकी खोलीपेक्षाही गार होते. काच किंवा ॲक्रिलिकचं झाकण करून घ्या, हवेसाठी बोटभर फट ठेवा. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून थर्माकोल लावा. या दोन गोष्टींना मिळून हीटरपेक्षा कमी पैसे लागतात, आणि त्या केल्यावर पुष्कळ घरांत ५० च्या जागी २५ वॉट पुरतो.

आता वस्तूकडे येऊ. बाजारात तुम्हाला सोबो, आर.एस., व्हीनस अशी नावं दिसतील; मागवलात तर ईहाईमचा जॅगरही मिळतो. जॅगर २५ वॉटपासून मिळतो आणि त्याच्या डायलचा आकडा आपल्या थर्मामीटरशी जुळवून घेता येतो, ही त्याची सोय मला आवडते. पण किंमत बरीच जास्त आहे आणि आपल्याला हीटर वर्षात जेमतेम अडीच महिने लागतो. मी बहुतेक घरी मधल्या किमतीचा हीटर घेतो आणि उरलेल्या पैशांत वेगळा कंट्रोलर, म्हणजे ठरवलेल्या अंशाला हीटरची वीज तोडणारी पेटी, बसवतो.

नाव कुठलंही असो, हातात घेऊन हे पाहा. तापमान ठरवायला डायल किंवा बटणं हवीत. बाउलसाठी म्हणून विकले जाणारे काही छोटे हीटर थर्मोस्टॅटशिवायच असतात. पिन लावली की काढेपर्यंत ते तापतच राहतात. ते घेऊ नका. वायर जिथे नळीत शिरते तिथलं रबर घट्ट आणि न चिरलेलं हवं. नळीवर कमीत कमी पाण्याची रेघ स्पष्ट हवी. तापतानाचा दिवा लांबून दिसायला हवा, म्हणजे जाता-येता लक्ष राहतं. घरात लहान मूल टाकीत हात घालणार असेल तर काचेच्या उघड्या नळीपेक्षा प्लॅस्टिकची जाळी असलेला बरा.

घरी आणल्यावर लगेच टाकीत सोडू नका. मी प्रत्येक नवा हीटर आधी बादलीत चालवतो. २० लिटर पाणी, डायल २५ वर, बादलीवर ताट, आत थर्मामीटर, आणि एक पूर्ण दिवस-रात्र. दिवा वेळोवेळी बंद होतोय का, पाणी २५ च्या आसपास थांबतंय का, नळीच्या आत धुकं धरतंय का, एवढं बघायचं. आत धुकं दिसलं तर तो परत करायचा. पाणी आत शिरतंय. डायल आणि पाणी यांत दोन-तीन अंशांचा फरक पुष्कळदा निघतो. तो दोष समजू नका, फक्त किती आहे ते लिहून ठेवा.

थर्मामीटर बरोबर आहे का हे पाहायचीही सोपी रीत आहे. तापाचा डिजिटल थर्मामीटर घरात असतोच. मगमध्ये ३७-३८ अंशांचं कोमट पाणी घ्या, दोन्ही त्यात धरा आणि आकडे जुळवा. तापाच्या थर्मामीटरवर फॅरनहाइट असेल तर ९९ ते १०० म्हणजे साधारण ३७ ते ३८. काचेवर चिकटवायची पट्टी स्वस्त असते, पण ती पाण्याबरोबर खोलीची हवाही दाखवते. पाण्यात बुडणारा थर्मामीटर घ्या आणि तो हीटरच्या विरुद्ध टोकाला लावा.

आता कंट्रोलर, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. एसटीसी-१००० या नावाची छोटी पेटी मिळते. तिच्या वायरीचं टोक पाण्यात राहतं आणि ठरवलेल्या अंशाला ती हीटरची वीज तोडते. पेटीवरचा आकडा २५ ला ठेवायचा आणि हीटरचा स्वतःचा डायल २७ ला. रोजचं चालू-बंद कंट्रोलर करतो. हीटरची टोकं चिकटली तर कंट्रोलर वीज तोडतो. कंट्रोलर अडकला, किंवा त्याचं टोक पाण्याबाहेर पडून त्याला ‘थंडी’ वाटायला लागली, तर हीटर स्वतः २७ ला थांबतो. दोन्ही एकाच रात्री बिघडणं फार दुर्मीळ. या पेटीला थंड करायचीही जोडणी असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४४ ला जातो तेव्हा हीटर काढून ठेवायचा, तिथे छोटा पंखा जोडायचा, पाण्यावर वारा द्यायचा आणि आकडा २८ करायचा. सोलापुरात निऑनना उन्हाळा हिवाळ्यापेक्षा जड जातो, त्यामुळे ही पेटी वर्षभर कामाची आहे. ही नुसती पेटी असते, आतली जोडणी २३० व्होल्टची. ती वायरमनकडूनच डब्यात बसवून घ्या.

विजेचं आणखी एक, आणि हे टाळू नका. टाकीच्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असू द्या. नळीला तडा गेला की पाण्यात करंट उतरतो, आणि त्या पाण्यात तुमची मुलगी हात घालणार आहे. घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्या. वायर बोर्डापेक्षा खाली झोल घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली ठिबकेल. मुलीला नियम घालून द्या: आधी पिन काढायची, मग हात.

हीटर बसवायचा तो फिल्टरच्या प्रवाहाजवळ, म्हणजे गरम पाणी एका कोपऱ्यात साचत नाही. सूचनेत परवानगी असेल तर तो तळापासून चार बोटं वर आडवा लावा. आपल्या कोरड्या हवेत आठवड्यात पाण्याची पातळी सहज खाली येते. उभा लावलेला हीटर वरून उघडा पडतो, तापतो आणि त्यावर गार पाणी पडलं की तडकतो. खडीत पुरायचा नाही. पाणी बदलण्याआधी २० मिनिटं पिन काढून ठेवायची.

आता तुमच्या ठिपक्यांबद्दल. मला दाट शंका आहे की ते नुसत्या हवेतल्या थंडीने आलेले नाहीत. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून आपण ते हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत साठवतो. डिसेंबरात सकाळी सातला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १७-१८ अंशांचं असतं. माशांच्या टाकीतलं पाणी २५ आणि त्यातलं ३० टक्के बदललं, तर पाच मिनिटांत सगळी टाकी २३ वर येते. कितीही चांगला हीटर घेतलात तरी हा धक्का तो थांबवू शकत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी नव्या माशांबरोबर आलेला असतो. असा धक्का बसला की माशाची ताकद घटते आणि परजीवी जोर धरतो. तेव्हा हिवाळ्यात पाणी दुपारीच बदला. बादली सकाळी गच्चीवर उन्हात ठेवा, क्लोरीन घालवणारे थेंब टाका, थर्मामीटरने दोन्ही पाणी एका अंशाच्या आत जुळलं की मगच ओता, आणि २० टक्क्यांहून जास्त नको.

सध्या ठिपके असतील तर पारा दिवसाला एक-दोन अंश असा चढवत २८ पर्यंत न्या आणि हवेचा पंप वाढवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. उबेत त्या परजीवीचं चक्र लवकर पुरं होतं आणि तो माशावरून सुटून पाण्यात येतो. ठिपक्यांचं औषध त्याला तेव्हाच लागू पडतं, अंगावर असताना नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी औषध पाकिटावर लिहिलेले दिवस पुरे करा. निऑनना काही औषधं अर्ध्या मात्रेतच द्यावी लागतात, तेही पाकिटावर वाचा. नंतर तितक्याच हळू पारा २५ वर आणा.

रात्री लाइट गेली तर घाबरू नका. झाकण आणि थर्माकोल असेल तर एवढी टाकी तासाला अर्ध्या-पाऊण अंशाने उतरते. बाहेरून सोलापुरी चादर चारी बाजूंनी गुंडाळा, वरची फट तेवढी उघडी ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी हवेचा पंप घ्या, मग हीटर. उकळतं पाणी टाकीत ओतू नका. फारच वाटलं तर गरम पाण्याची बंद बाटली टाकीत तरंगत ठेवा.

हंगाम संपला की फेब्रुवारीअखेर हीटर काढा. नळीवर क्षारांचा पांढरा थर असेल, बोअरचं पाणी वापरत असाल तर नक्कीच असेल. व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, फडक्याने पुसा, कोरडा करून ठेवा. दिवाळीत मुलांचा किल्ला उतरला की पुन्हा बादलीत एक दिवस चालवून पाहा. मी खरेदीची तारीख वायरीवर चिकटपट्टीने लिहितो आणि तिसऱ्या हिवाळ्यानंतर हीटर चालू असला तरी बदलतो.

खरेदीला जाण्याआधी मुलीच्या हातात वही द्या. टाकीजवळच्या हवेचा आणि पाण्याचा पारा, पहाटे सहा आणि दुपारी तीन, आठ दिवस लिहायचा. तोवर झाकण आणि थर्माकोल लावून घ्या, म्हणजे आकडे खरे येतील. ते आकडे, टाकी कुठल्या मजल्यावर आहे आणि संध्याकाळी व्होल्टेज किती येतं, एवढं मला कळवा. २५ घ्यायचा की ५०, ते मी त्यावरून नक्की सांगेन.